खुराड्यातली दुर्बीण

खुराड्याचं दार उघडलं आणि तेगवेनच्या पोटातलं दुपारचं सूप घशाशी आलं.

"ताई, ओकायचं तर इथेच ओक," मागून तिचा धाकटा भाऊ इल्टिड म्हणाला. "कुणाला फरक कळायचा नाही."

"तोंड मीट तुझं!" तिने रुमाल नाकाशी दाबला.

एकसष्ट वर्षांची तेगवेन गेली तीस वर्षं त्या डोंगराळ वेल्श गावातलं चॅपेल झाडतपुसत आली होती. तिने घासलेल्या पितळेत बघून पाद्रीबुवा टाय सारखा करत. आणि हेच बुवा आभाळाविषयी बोलू लागले, की बोलता बोलता त्यांचा आवाज चढायचा, सुरात शिरायचा, उपदेशाचं गाणं होऊन जायचं. देवाने तारे कसे टांगले, शनीभोवती कडं कसं बसवलं, हे ऐकताना मागच्या बाकावर तेगवेनच्या डोळ्यांना धार लागायची. जन्मभर ऐकलं होतं, पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. आता उजवा डोळा गेला होता आणि डाव्याची हमी डॉक्टरांनी वसंतापर्यंतच दिली होती. साठवलेले होते एकशेतीस पौंड. तेवढ्यात एकच दुर्बीण यायची, नि ती चुकली तर दुसरी घ्यायला ना पैसा होता, ना डोळा.

तशी तिने सकाळीच एक घेतली होती. किनाऱ्यावरच्या दुकानातून, नवीकोरी, नळीवर बोटाचा ठसासुद्धा नसलेली. खोक्यावर जांभळ्यागुलाबी तेजाचे ढग आणि ठळक अक्षरांत 'सहाशे पंचाहत्तर पट मोठं!' इल्टिडनेच गळ घातली, की दुकानदार आठवडाभर परत घेतो, तर सिल्वेनसकाका शंभर पौंडांना विकतोय तीही बघून घे. म्हणून खोकं गाडीतून उतरवून दोघं या अंगणात आली होती.

सिल्वेनस हा चौऱ्याऐंशीचा, एके काळचा पोस्टमन. दाढीत सार्डिनचं तेल, स्वेटरच्या बाहीवर काय वाळलं होतं ते तेगवेनने बघायचंच टाळलं. त्याने खुराड्यातून ओढत आणलं ते एक पुठ्ठ्याचं जाडजूड नळकांडं, फळ्यांच्या बैठकीवर बसवलेलं. वरून खालपर्यंत कोंबड्यांची शीट. आत कोळ्याचं जाळं. तळाशी भिंगाऐवजी बसवलेल्या आरशावर बायकांची अंघोळीची प्लास्टिकची टोपी, नि टोपीला चिकटलेला एक लांब पांढरा केस.

"बायकोची, मेगनची टोपी," म्हातारा म्हणाला. "जाऊन नऊ वर्षं झाली. आरसा झाकायला याहून बरं काही नाही."

तेगवेनच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने टोपी काढली. आरशावर धुळीची साय. तिचा हात आपसूक ॲप्रनच्या खिशातल्या फडक्याकडे गेला. फडक्यावर थुंकी टाकून ती वाकली, तोच सिल्वेनस किंचाळला, "अगं ए पोरी! डोळे फोडशील त्याचे!"

"काका, केवढी घाण आहे ही!"

"असू दे की! फडकं लावलंस तर धूळ निघेल, पण जाताना आरशावर ओरखडे काढेल. ते ओरखडे कोणत्या साबणाने धुणार आहेस?"

ती मागे सरली. असल्या घाणेरड्या माणसाने आपल्याला स्वच्छता शिकवावी, याचाच तिला जास्त संताप आला.

नोव्हेंबरचा दिवस, पाचलाच अंधारलं. दक्षिणेकडे शनी वर आला होता. आधी नवी दुर्बीण. इल्टिडने खोक्यावरच्या बढाईप्रमाणे सगळ्यात जोरदार भिंग बसवलं. तेगवेनने डावा डोळा लावला. एक पिवळट डाग, थरथरणारा, रश्शावर तरंगणाऱ्या चरबीसारखा. तिने श्वास सोडला, डाग उडाला. स्क्रूला बोट लावलं, डाग पार पळाला.

"कडं कुठंय?"

"भिंग हलकं लावलं तर जरा बरं दिसेल," सिल्वेनस म्हणाला. "पण पाय बघ तिचे. वाऱ्यावर वाळत घातलेल्या पायजम्यासारखे लटपटतायत."

तेगवेनने खोक्यावरच्या गुलाबी ढगांकडे पाहिलं. खुराड्याने आली नव्हती तेवढी शिसारी तिला त्या चित्राची आली. आतून हे असं, आणि वरून केवढं तोंड रंगवलेलं!

मग ती नाक दाबून पुठ्ठ्याच्या नळीपाशी गेली. गाल शिटेला लागू नये म्हणून मान वाकडी करून डोळा लावला.

 

शनी होता. काळ्याभोर आभाळात चिकटवल्यासारखा स्थिर, भोवती कडं, कड्याच्या आणि ग्रहाच्या मध्ये सुईने ओढावी तशी काळी फट. तेगवेनच्या ओठांवर बुवांचा तो सूर आला, शब्द नाही, नुसता सूर. केव्हा तरी तिचा गाल नळीला टेकला. तिला कळलंही नाही.

"ताई," इल्टिडचा आवाज दबका होता. "एक वाईट झालंय."

नवी दुर्बीण त्याने परत ठेवलेल्या उघड्या खोक्यात एक लाल कोंबडी बसली होती. उठली, तेव्हा नव्या नळीवर आणि गुलाबी ढगांवर तिची ताजी आठवण होती. हे खोकं दुकानदार परत घेणार नाही. ते परत गेलं नाही, तर सिल्वेनसने सांगितलेले शंभर पौंड येणार कुठून?

तेगवेन सरळ झाली. गालावर पांढरा पट्टा उमटला होता. "काका, गरम पाणी, व्हिनेगर, आणि तुमच्या घरात असलाच तर साबण."

तासभर ती त्या अंगणात, दिव्याखाली, उलट्या बादलीवर बसून ते खोकं पुसत होती. सांदी, स्क्रू, पुठ्ठ्याची कड, नळीच्या जोडातली रेघ. दर दोन मिनिटांनी तिला उमासा येत होता, आणि ती पुसतच होती.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलीने खोकं उलटसुलट पाहिलं. "उघडलेलं दिसतच नाही हो! खराबी काय म्हणून लिहू?"

"खराब नाही गं," तेगवेन म्हणाली. "अगदी स्वच्छ आहे. त्यातून दिसत तेवढं नाही."

घरी येऊन तिने सिल्वेनसला शंभर पौंड मोजून आणलेली पुठ्ठ्याची नळी बाहेरून सात पाण्यांनी पुसली. आरशापाशी आली आणि थांबली. धुळीची साय तशीच होती. तिने तोंड वेडंवाकडं केलं, फडकं खिशात कोंबलं, आणि मेगनची टोपी, पांढऱ्या केसासकट, आरशावर नीट चढवली.