चाफ्याचा पूर्वरंग

अचलपूरच्या देवळातला पांढरा चाफा तोडून तिथं कीर्तनासाठी मोठा मंडप बांधणार, ही बातमी अकोल्यात पार्बताबाईंना कळली तेव्हा त्या भाकर भाजत होत्या. ती भाकर जळलीच.

माहेर अचलपूरचं. कीर्तनात पूर्वरंग संपला, की आख्यान लागायच्या आधी बुवांच्या गळ्यात हार पडतो. तिथं तो हार नेहमी त्याच चाफ्याचा असायचा आणि लहानपणी फुलं वेचायचा मान पार्बताबाईंचा.

"आता बुवाले काय प्लास्टिकचा हार घालणार हायेत?" म्हणत त्यांनी एसटी गाठली. पोचल्या तेव्हा झाड आडवं झालं होतं. पदरात दोन फांद्या गुंडाळून त्या परत आल्या.

शेजारची दीक्षा झेडपीत नोकरीला, पण जीव सगळा कुंड्यांत. तिनं सांगितलं, "काकूजी, घाई नका करू. पानं काढा, चीक वाळू द्या. आठवडाभर सावलीत ठेवा, मग रेतीमातीत लावा. अन् पाणी अगदी नावाला."

पार्बताबाईंनी सगळं तसंच केलं. कुंडी मात्र तुळशीजवळ ठेवली. एकादशीला घरी भजन झालं, आणि भजनानंतर त्यांनी चाफ्याची कथा सांगितली. अशी रंगवून सांगितली, की भजनातली मनकर्णा डोळे पुसायला लागली. मग काय, तुळशीला पाणी घालून झालेली प्रत्येक बाई चाफ्यालाही लोटाभर घालूनच घरी गेली. हळदकुंकू वाहिलं ते वेगळंच.

चार दिवसांत त्यांच्या नवऱ्यानं, खुशालरावांनी, एक फांदी दाबून पाहिली. "पार्बता, हे तं पिकल्या केळावानी लागून राहिलं!"

दीक्षा धावत आली. एक फांदी पुरती सडलेली. दुसरीचं बूड काळं पडलेलं. तिनं सुरीनं आत पांढरं दिसेस्तोवर कापलं.

"ही वाचली तर वाचली. पण आता माझ्या गच्चीवर राहील."

"कावून वं? मी काय दुश्मन हाय त्याची?"

"तुमच्या घरी भक्ती लय आहे, काकूजी. झाड बुडते."

पार्बताबाईंचा चेहरा पडला. मग स्वतःशीच हसू फुटलं. "घेऊन जाय, बाई."

पण मूळ धरलं नाही तर? झाड तर गेलंच होतं, आता एवढी एकच फांदी उरली होती. रोज सकाळी त्या दीक्षाच्या गच्चीवर हजर.

"जराशी हालवून पाहू का?"

"हात लावायचा नाही."

"मंग मी करू काय?"

"बसा अन् गा."

पार्बताबाई बसायच्या, हलक्या आवाजात अभंग म्हणायच्या. घरी आल्या की खुशालराव विचारायचे, "फुटला का तुमचा चाफा?"

"पूर्वरंग चालू हाय. मधातूनच उठू नये माणसानं."

हिवाळा सरला, ऊन चढलं. एका सकाळी गच्चीवरून दीक्षाची हाक आली. फांदीच्या शेंड्यावर हिरवी चोच उघडली होती. पार्बताबाईंनी टाळ्या पिटल्या. "आता लागलं आख्यान!"

कुंडी ठेवायची कुठं, यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी दोन्ही घरांमधल्या भिंतीवर तिला जागा मिळाली.

"पहिलं फूल तुह्या बुद्धवंदनेले," पार्बताबाई म्हणाल्या. "हार मंग पाहू."

पुढच्या एकादशीला भजन संपलं आणि बायका लोटे घेऊन भिंतीकडे वळल्या. पार्बताबाई आडव्या आल्या.

"तुळशीले घाला. चाफ्याले नाई."

"कावून जी?" मनकर्णानं विचारलं.

"त्याचा निर्जळी उपास हाय."

"माय! झाडाले उपास?"

"तं! आपल्यापेक्षा कडक."

मनकर्णानं लोटा खाली ठेवला आणि चाफ्याला लांबूनच हात जोडले. तिच्यामागं बाकीच्यांनीही जोडले. गच्चीवरून दीक्षा पोट धरधरून हसत होती.