तुरेराव आणि सुताराची दाढ

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या टाकीत, तुरेराव राहायचे. जात ॲक्सोलॉटलची, म्हणजे पाण्यातच राहणाऱ्या सरड्यासारख्या जिवाची; रंग गुलाबाच्या आतल्या पाकळीचा. मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तीन-तीन तुरे, डोळ्यांना पापणी नाही आणि तोंडावर कायमचं हसू. दातांच्या डॉक्टरीणबाईंची मैत्रीण परगावी जाताना त्यांना टाकीसकट देऊन गेली होती. दवाखाना नवा, बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे उतरलेले. या हसऱ्या तोंडाकडे बघून त्यांची धडधड जरा कमी होईल, असं बाईंना वाटलं.

झालं भलतंच. आत ड्रिल सुरू झालं, की इकडे तुरेराव उसळायचे. शेपटीचा एक फटका, वाळूचा ढग, आणि नाक काचेवर धाडकन! एका बसचालकाने गाल धरून हा तमाशा दोनदा पाहिला.

"ज्याला धड दात नाहीत तो एवढा घाबरतोय," तो उठत म्हणाला, "माझ्या तोंडात तर अठ्ठावीस आहेत. येतो मी. घरी दूध गॅसवर राहिलंय."

टोपीसुद्धा बाकावरच राहिली.

डॉक्टरीणबाईंचे वडील सुतार. टाकीखालचं कपाट त्यांच्याच हातचं. वर टाकी, आत ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, सगळं कसं झाकपाक. चाळीस वर्षं त्यांनी करवती फिरवल्या, सागवानाला भोकं पाडली. पण सहा महिने दाढ ठणकत होती आणि लेकीच्या खुर्चीकडे ते पाठ करून उभे राहायचे. शेवटी त्यांनी शब्द दिला, "हा तुरेराव ड्रिलच्या आवाजाला दचकायचा थांबला ना, की त्याच दिवशी मी खुर्चीत बसतो."

दारापाशी नंबर लिहून घेणाऱ्या त्यांच्या बायकोने विणकामातून मान वर न करता लगेच ओवी जुळवली:

लाकडाला भोक पाडी, माझा सुतार धीराचा
दाढेला लागता हात, जीव होई उंदराचा

"ऐकू येतंय मला," सुतार म्हणाले.

"येऊ दे की. मी काय चोरून गातेय?"

लेकीने वाचून काढलं होतं: या जिवाला नीट दिसत नाही, पण सावली कळते, पाण्यातला थरथराट तो सगळ्या अंगाने ऐकतो, तुरे पुढे वळले, शेपटीचं टोक मुडपलं, की समजावं, याचा जीव थाऱ्यावर नाही. तिने टाकीवरचा दिवा काढला. तीन बाजूंना काळा कागद लावला. 'काचेवर टकटक करू नये' अशी पाटी लावली. तुरेराव उसळायचे ते उसळायचेच.

सोमवारी सुतारांनी सहज कपाटावर तळहात टेकला. आत ड्रिल लागलं, कॉम्प्रेसर घुरघुरला आणि फळीतून एक कंप बोटांत चढला. चाळीस वर्षांचे हात ते! क्षणात उमगलं: आवाजाचं नाहीच काही. कपाट थरथरतं, म्हणून पाणी थरथरतं, म्हणून तुरेराव उडतात. कॉम्प्रेसर मागच्या गच्चीत ठेवला की संपलं.

संपलं, म्हणजे मग खुर्ची.

सुतारांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "मला वाटतं, त्याला तुझा पांढरा कोट आवडत नाही."

लेकीने निळा कोट घातला. बुधवारी ते म्हणाले, "तुझ्या आईच्या बांगड्या वाजतात."

"माझ्या बांगड्या?" आई म्हणाली. "तीस वर्षं त्या ऐकून तुम्ही कधी उसळला नाहीत, हाक मारली तरी!"

शनिवारी तुरेरावांनी गांडूळ तोंडातून टाकून दिलं. नाकाचं टोक खरचटून लाल झालं होतं. बाक रिकामा. लेक टाकीपुढे उकिडवी बसली होती, लहानपणी पडलेला दात मुठीत धरून बसायची तशी.

"बाबा, उद्या याला परत पाठवते. माणसं पळतात, हाही पळतो. माझ्या हातातच काहीतरी असेल. मायेने जवळ जावं आणि समोरच्याने धसका घ्यावा."

सुतारांची दाढ ठणकत होती. पण ही कळ दाढेची नव्हती, त्याच्या खूप खालून आली होती.

"तुझ्या हातात काही नाही गं पोरी," ते म्हणाले. "खोट माझ्या कपाटात आहे."

त्यांनी सगळं सांगितलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"आज शनिवार आहे, बाबा!"

"माझ्या बांगड्या!" आई दारातून म्हणाली.

तासाभरात कॉम्प्रेसर गच्चीत गेला, लांब नळी भिंतीच्या कडेने आत आली. लेकीने ड्रिल चालवलं. तुरेरावांचा एक तुरा वाऱ्यावरच्या गवतासारखा हलला, आणि त्यांनी समोरचं गांडूळ गट्ट केलं.

"बाबा," लेक म्हणाली, "खुर्ची."

तिने दिवा मंद केला, समोरून न येता कडेने आली, आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग केली: आता आरसा, आता पाणी. तुरेरावांवरूनच तिला हे सुचलं होतं. सुतार पार सैलावले. मग ती म्हणाली, "आता एक बारीकशी सुई," आणि सुतारांची चप्पल पायातून सुटून दारातून थेट बाहेर, कपाटावर धप्प!

तुरेराव उसळले. वाळूचा ढग, नाक काचेवर.

नेमका तेव्हाच बसचालक टोपी न्यायला आला होता. "आज कोणाला घाबरला हा?"

"आमच्या ह्यांना," आई म्हणाली.

अर्ध्या तासाने सुतार बाहेर आले, एका पायात चप्पल, अर्धं तोंड बधिर. बसचालकाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दुखलं का हो?"

"खाई खळ्ळं नाई," सुतार मोठ्या रुबाबात म्हणाले आणि टाकीशेजारी टेकले. आत तुरेराव, बाहेर सुतार; दोघांच्याही तोंडावर तेच वाकडं हसू.

बसचालक दोघांकडे बघत बाकावर टेकला. मग त्याने टोपी मांडीवर ठेवली.

"वहिनी, माझा नंबर लिहा," तो म्हणाला. "दुधाचं बघेल घरचं कोणीतरी."