न पडलेली रिंग

तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "रेल्वेवाल्यांना तिकीट नाही."

मी म्हटलं, "कपाळावर लिहिलंय का माझ्या?"

"लिहायला कशाला हवं? आत आलात ते आधी सिग्नलकडे बघितलंत. बाकीची माणसं आधी चहा कुठं मिळतो ते बघतात."

सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मीही उलटं काही बोललो नाही. नाहीतर माझी जीभ काही म्यानात राहणारी नाही. या जिभेनं काय करून ठेवलंय ते पुढं येईलच.

आम्ही तिघं होतो. मी, सून आणि नात. नात दहा वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिचा बाप, म्हणजे माझा लंबू, जाऊन आठ महिने झाले होते. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं की जुन्या जंक्शनात रेल्वेचं म्युझियम केलंय, तुझ्या बाबांचं इंजिन तिथं उभं आहे. झालं, पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मी नको म्हणत होतो. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही आलात तर तिला सांगणार कोण? मला इंजिनाचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळत नाही."

म्युझियम कसलं, बंद पडलेलं स्टेशन झाडून पुसून ठेवलंय. पत्र्याच्या शेडखाली एक कोळशाचं इंजिन, दोन डबे, मास्तरच्या खोलीत मशिनी आणि घंटा. मागच्या अंगाला पोरांसाठी छोटी गाडी, फलाटाला धरून गोल फिरणारी. इंजिनाला नवा काळा रंग दिलाय. मेलेल्या माणसाला नवे कपडे घालतात तसा. भिंगरी चढली, उतरली, पुन्हा चढली. "बाबा इथं उभे राहायचे?" मी म्हटलं, हो. "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी खाली.

मी खाली काय करायचो ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची लाइन एकेरी. जाणारी गाडी त्याच रुळावरून, येणारी त्याच रुळावरून. समोरासमोर येऊ नयेत म्हणून लोखंडाचा एक गोळा असायचा, मुठीएवढा, मास्तरच्या मशिनीतून निघणारा. गोळा ज्या गाडीकडे, तिलाच पुढं जायची परवानगी. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, आणि पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला बांधलेली. मेल आमच्या स्टेशनात थांबायची नाही. मी फलाटाच्या कडेला रिंग उंच धरून उभा राहायचो, आणि इंजिनावरचा फायरमन धावत्या गाडीतून हात बाहेर काढून तो रिंगमध्ये घालायचा, पार खांद्यापर्यंत. रिंग पडली तर गाडी थांबवायची, फायरमननं उतरायचं, मागं चालत येऊन रिंग उचलायची, मगच पुढं. मग वरून कागद यायचा, कुणाच्या हातून पडली म्हणून. तीस वर्षांत माझ्या हातून एक रिंग पडली नाही. मी रिटायर झालो तेव्हा साहेब भाषणात तेवढंच बोलला. बाकी बोलण्यासारखं माझ्यात काही नव्हतंही.

ज्यानं मला काम शिकवलं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रिंग देताना तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की हात हलतो.

लंबूला त्याच मेलवर फायरमनची नोकरी लागली. काय हात होते पोराचे. रिंग आपणहून जाऊन बसायची. एक दिवसाआड त्याची गाडी जायची, आणि मी छाती फुगवून उभा असायचो.

मग त्याची आई आजारी पडली. चौथ्या दिवशी सकाळी तिची घरघर सुरू झाली. क्वार्टर फलाटापासून हाकेच्या अंतरावर. शेजारीण जवळ बसली आणि मी ड्यूटीवर आलो, कारण अकराला मेल होती, आणि मेलवर लंबू होता. रिंग धरून उभा राहिलो. मनात आलं, ओरडून सांगावं, आई चाललीय, उतर. पण धडधडत्या गाडीला काय ओरडणार? वाटलं, संध्याकाळपर्यंत काढेल. त्याचा हात आला, रिंग गेली, गाडी गेली. दुपारी ती गेली.

लंबू दुसऱ्या दिवशी धावत आला, हात तसेच काळे. आणि मी दारात उभा राहून, चार माणसांसमोर म्हणालो, "आता कशाला आलास? तुला आई नव्हतीच. तुला इंजिन होतं."

मी रेल्वेचा माणूस. चालत्या इंजिनावरून उतरता येत नाही हे मला सांगायला हवं होतं का? पण माणूस स्वतःवरचा राग दुसऱ्याच्या पाठीवर काढतो. पोरगा उंबऱ्यावरूनच मागं फिरला.

त्यानंतरही एक दिवसाआड आमची गाठ पडायचीच. त्याचा हात, माझी रिंग. तो पुढं बघायचा, मी हाताकडे. अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी मी ड्यूटीच्या जुन्या तक्त्याच्या मागं निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, "चुकलं माझं. घरी ये." नाव घातलं नाही. गोळ्याबरोबर दुसरं काही घालायचं म्हणजे नोकरीवर पाणी, आणि त्याला कुणाचं ते कळणार नव्हतं का? चिठ्ठी पिशवीत सरकवली. हात आला, चिठ्ठी गेली.

तिसऱ्या दिवशी मी दाढी करून उभा राहिलो. हात आला, रिंग गेली. तो पुढंच बघत होता. पाचव्या दिवशी तेच. महिनाभर तेच. मग मीही दगड झालो. म्हटलं, बापानं पाय धरले तरी याचं नाक वरच. त्याच्या लग्नाला गेलो नाही. भिंगरी झाली तेव्हा गेलो नाही. सुनेचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा गेलो, पण तोवर त्याची शुद्ध गेलेली. दोन दिवस त्याचा तो लांब हात धरून बसलो.

पुढं सूनच मला आपल्याकडे घेऊन आली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ते नेहमी म्हणायचे, म्हाताऱ्यानं एक शब्द टाकला असता तर मी उड्या मारत गेलो असतो." मनात म्हटलं, लबाडा, बायकोपासूनही लपवलंस होय.

तर म्युझियममध्ये मास्तरच्या खोलीत आम्ही शिरलो आणि आतून आवाज आला, "अरे, हा तर रिंगवाला."

भोंगा. लंबूचा तेव्हाचा ड्रायव्हर. कानात बोललेलं पुढच्या स्टेशनात ऐकू जायचं म्हणून त्याला भोंगा म्हणायचे. आता केस पांढरे, पोट पुढं, आणि म्युझियम बघायला येणाऱ्यांना तोच सगळं समजावून सांगतो. खिडकीतल्या बाई म्हणजे त्याचीच बायको. लंबूचं त्याला कळलं होतं. माझा हात त्यानं बराच वेळ सोडला नाही, आणि भोंगा असूनही काही बोलला नाही.

भिंतीवर रिंग टांगलेली होती. त्यानं ती काढून भिंगरीच्या हातात दिली.

"बाबा ही पिशवी उघडायचे?" भिंगरीनं विचारलं.

"तुझे बाबा? छे. हात लावू द्यायचो नाही मी. कोळशाचे हात ते. गोळ्याला काळं लागलं की पुढच्या स्टेशनात मशिनीत अडकायचा. फायरमननं फक्त झेलायची. पिशवी उघडायची ड्रायव्हरनं."

मी भिंतीला टेकलो. तीस वर्षं फलाटावर उभा राहिलो, पण इंजिनावर पाय कधी ठेवला नव्हता. वर गेल्यावर रिंगचं काय होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"आणि बरी आठवण झाली," भोंगा म्हणाला. दाराकडे बघितलं, बायको खिडकीतच आहे ना ते बघितलं, आणि आवाज खाली आणला. खाली म्हणजे आपण बोलतो तेवढा. "तुझे उपकार आहेत माझ्यावर. ती चिठ्ठी तूच घातली होतीस ना पिशवीत?"

सून माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "कुठली चिठ्ठी?"

"आता लपवू नकोस. तेव्हा बायको माझ्याशी भांडून भावाकडे जाऊन राहिली होती. माझा मेव्हणा तुमच्याच स्टेशनाजवळ राहायचा. पाच महिने झाले होते. मीही हट्टाला पेटलेलो, म्हटलं येईल तेव्हा येईल. आणि एक दिवस पिशवी उघडतो तर गोळ्याबरोबर चिठ्ठी. 'चुकलं माझं. घरी ये.' म्हटलं, बाईमाणसानं एवढं नमतं घेतलं, रिंगवाल्याच्या हातापाया पडून चिठ्ठी पाठवली, आणि आपण अजून ताठच? दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन आलो. त्या चिठ्ठीचं तिला आजपर्यंत विचारलं नाही. उगाच कशाला उकरायचं? आणि गंमत सांगू? ती सगळ्यांना सांगते, आमचे हे आपणहून न्यायला आले. मी म्हणतो, सांगू दे."

त्यानं चष्म्याचं घर उघडलं आणि तळाशी घडी करून ठेवलेला कागद काढून सुनेच्या हातात दिला. "बघ, पोरी. याच्यावर माझा संसार उभा आहे."

निळी पेन्सिल फिकी झाली होती. माझं अक्षर म्हणजे मालगाडीचे सुटलेले डबे, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. माझ्या औषधांच्या वेळा मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवतो, ते अक्षर सून रोज सकाळी बघते. तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

भोंगा म्हणाला, "तूच घातलीस ना?"

मी म्हटलं, "हो. मीच घातली."

बाहेरून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, पोरं खोळंबलीत गाडीसाठी. आणि त्यांना चहा विचारलात का नुसतंच तोंड चालवताय?" भोंगा माझ्याकडे बघून हसला, बघितलंस का, अशा अर्थानं.

सुनेनं कागद होता तसा घडी केला आणि त्याच्या हातात ठेवला. "जपून ठेवा, काका," म्हणाली.

भोंगा भिंगरीला घेऊन बाहेर गेला. आम्ही दोघंच उरलो. सून खिडकीचा गज धरून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. खांदे हलत होते. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दुसरी का नाही लिहिलीत?"

मी रिंगच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिलो.

"कागद संपले होते का, बाबा? पेन्सिल संपली होती?"

तिनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मला वाटलं, त्यानं वाचली."

"आणि ते दर सुट्टीला तुमच्या स्टेशनापर्यंत जायचे," ती म्हणाली. "फलाटाच्या टोकाला बसून परत यायचे. मला म्हणायचे, म्हातारा अजून ताठ उभा राहतो."

तेवढ्यात बाहेरून भिंगरी ओरडली, "आजोबा, या ना. मला रिंग द्यायचीय तुम्ही."

पोरांच्या गाडीत भोंगानं तिला आपल्या शेजारी बसवलं होतं. मला म्हणाला, "चल रिंगवाल्या, दाखव पोरांना. तीस वर्षांत एक पाडली नाही या माणसानं." बाकीची पोरं टाळ्या वाजवायला लागली. सून दाराशी येऊन उभी राहिली. मी रिंग घेतली आणि फलाटाच्या कडेला गेलो. हात आपोआप वर गेला. इतक्या वर्षांनी, तरी तेवढाच.

गाडी गोल फिरून आली. माणूस पळेल एवढ्याच वेगानं. भिंगरीनं हात बाहेर काढला, बापासारखा, सरळ. सगळं बरोबर चाललं होतं. आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती पुढं बघत नव्हती. ती माझ्याकडे बघून हसत होती.

रिंग रुळात पडली.

भोंगानं कचकन ब्रेक मारला. "नियम म्हणजे नियम," तो सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला. "रिंग पडली, गाडी थांबली. उतर गं, मागं चालत जा, उचल आणि ये."

भिंगरी उडी मारून उतरली. वीस-पंचवीस पावलं असतील. रुळाच्या कडेनं ती माझ्याकडे चालत यायला लागली, लांब हात हलवत. मी फलाटावर उभा होतो आणि तिला येताना बघत होतो. एक दिवसाआड त्याची गाडी माझ्यासमोरून गेली होती. त्याची आई घरघर लागून पडली होती त्या दिवशीही गेली होती. चिठ्ठी लिहायची गरज नव्हती, ओरडायची गरज नव्हती. फक्त बोटं सैल सोडायची होती. एवढाच कागद आला असता वरून, कुणाच्या हातून पडली म्हणून.

भिंगरीनं वाकून रिंग उचलली, पिशवी झटकली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, मुद्दाम पाडलीत ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "मुद्दाम कधीच पाडली नाही."