दोन यंत्रं, एक बॅटरी

बाबांचे शेवटचे शब्द काय होते, असं विचारत येणाऱ्यांची मी निराशा केली. त्यांना देवाचं नाव हवं होतं, निदान मुलांचं. बाबा म्हणाले होते, "चारही टायर खाल्ले हिने."

जसं झालं तसं सांगते.

बाबांनी आयुष्यभर एका टूर कंपनीची गाडी चालवून पाहुण्यांना वाळवंटातल्या वाळूत फिरवलं. डांबर संपलं की उतरायचं आणि टायरांची निम्मी हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो, गाडी रुतत नाही. परत डांबराला लागलं की छोटा कॉम्प्रेसर काढायचा, त्याचे चिमटे गाडीच्या बॅटरीला लावायचे आणि हवा भरायची. भरल्याशिवाय डांबरावर जायचं नाही, कारण नरम टायर तिथे तापतो आणि फाटतो. यात कुणालाही सूट नव्हती. घाईतल्या पाहुण्याला ते सांगत, "साहेब, विमान दुसरं मिळेल." बाकीचे ड्रायव्हर त्यांना हवालदार म्हणायचे.

त्याच वाळूने त्यांची फुप्फुसं खाल्ली. कंपनीच्या मालकाने निरोपाला काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ. श्वास मोजायला.

मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, भाड्याचं. त्याची आतली बॅटरी मेलेली. प्लगला लावलं तरच चालायचं. एजन्सीवाला म्हणायचा, "उद्या बदलून देतो, मॅडम." त्याचा उद्या काही उजाडेना.

"एकदा वाळू दाखव मला," बाबा म्हणाले.

दादा भडकला. "वेड लागलंय का? तिथे काही झालं तर?"

"व्हायचं ते झालंय की," बाबा म्हणाले. "आता काय राहिलंय?"

दादा कामावर गेल्यावर मी बाबांची जुनी गाडी काढली. ऑक्सिजनचं यंत्र डॅशबोर्डच्या सॉकेटला लावलं. बाबा पुढे बसले आणि त्यांनी कॉम्प्रेसरची पिशवी मागितली.

"मागे ठेवते ना, जड आहे."

"मागे पाहुणे बसवायचे. हे इकडे दे."

पाण्याचा ग्लास उचलताना ज्याचा हात थरथरायचा, तो माणूस ते लोखंडाचं धूड मांडीवर घेऊन बसला, नातवंड घेतल्यासारखा.

डांबर संपलं तिथे मी हवा सोडली. बाबा काच खाली करून तो सूं-सूं आवाज ऐकत होते, डोळे मिटून. मग आम्ही आत गेलो. मला वाटलं होतं ते रडतील, काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सरकली गं जरा."

"काय?"

"वाळू. मी नव्हतो ना."

आणि हसले. त्या हसण्यासाठी मी पुन्हा नेईन, कुणी काहीही म्हणो.

परत डांबराच्या कडेला आलो. इंजिन चालू ठेवून मी चिमटे लावले, बटण दाबलं. कॉम्प्रेसर खडखडायला लागला आणि त्याच क्षणी आतून ऑक्सिजनच्या यंत्राची वीज कमी पडल्याची शिट्टी वाजली. कॉम्प्रेसर बंद केला, तर शिट्टी बंद. पुन्हा चालू, पुन्हा शिट्टी. दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ती, तिच्यात दोघांचं भागेना.

बाबांनी नाकातली नळी काढून हातात धरली. "भर तू. मी थांबतो."

"नळी लावा आधी!"

"एकेक टायर भर. मधे मधे लावतो."

तेही करून बघितलं. गेजचा काटा जागचा हलायच्या आत बाबांचे ओठ जांभळे पडले. मी चिमटे ओढून काढले, नळी त्यांच्या नाकात बसवली, कॉम्प्रेसर त्यांच्या मांडीवर टाकला आणि हॉस्पिटल गाठायला गाडी तशीच डांबरावर घातली.

"अगं, हवा?"

"राहू दे."

"अगं बये, डांबर आहे ते!"

"दिसतंय मला. गप्प बसा!"

बापाला गप्प बस म्हणायची ती पहिलीच वेळ. आधी कडेकडेने, हळू चालले होते. ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या घालत पुढे जात होते. पण बाबांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना, आणि माझा पाय दाबला गेला. मग जळक्या रबराचा वास आला. बाबा म्हणाले, "मागचा डावा. गेला."

हॉस्पिटलच्या फाटकातून गाडी चारही रिमवर घासत, ठिणग्या उडवत आत गेली.

"रिम तरी ठेव," बाबा कसेबसे म्हणाले.

वॉर्डात त्यांना मास्क लावला. खाटेखालच्या कॉम्प्रेसरच्या पिशवीकडे बघून नर्सने विचारलं, "हे पण ऑक्सिजनचंच का?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. दादा धावत आला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, काय झालं?"

बाबांनी मास्क बाजूला केला. "चारही टायर खाल्ले हिने."

"नवे घालते मी," मी म्हटलं.

त्यांनी मास्क लावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पहाटे गेले.

दादा म्हणतो, मी मारलं. म्हणू दे. मी त्यांना श्वास चालू असताना आणलं, टायर गेले तर गेले. पण ते माझ्यावर रागावून गेले. ते मी कोणत्या गॅरेजात दुरुस्त करून आणू?

आठवड्याने एजन्सीवाल्याचा फोन आला. "मॅडम, बॅटरी आलीय. कधी येऊ बसवायला?"

"तुझ्या बापाला बसव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नवे टायर घातले. दुकानदार हवेची नळी घेऊन आला, त्याला म्हटलं, राहू दे, मी भरते. चिमटे लावले, बटण दाबलं. कॉम्प्रेसर खडखडला, गाडीचे दिवे मंद झाले. माझा कान आपोआप पुढच्या सीटकडे गेला.

शिट्टी वाजली नाही. मी चारही टायर पूर्ण भरले, सावकाश.