वजीर फुकट

रुग्णालयात पडून असलेल्या बाबांना छापलेली बारीक आकृती दिसेना, म्हणून मुलगी दर शनिवारी वर्तमानपत्रातलं बुद्धिबळाचं कोडं जाड पेनाने कागदावर काढून नेऊ लागली. घोटाळा तिथेच झाला. अक्षर तिचं, म्हणजे कोडंही तिचंच, असं बाबांनी धरलं.

कोडी रचत होता तिच्या ऑफिसातला प्रोग्रॅम. रोज शे-दोनशे. त्यातलं एक निवडून पानावर लावायचं, एवढंच तिचं काम. तेच सदर बाबांनी तीस वर्षं स्वतः कोडी रचून चालवलं होतं. पहिल्याच शनिवारी ती खुलासा करणार होती. पण बाबांचा चेहरा असा उजळला की तिने तो पुढच्या शनिवारवर ढकलला. त्याला आता सहा आठवडे झाले होते.

आज खाटेवर बसून, मांडीवरच्या पटात बाबांनी पाऊण तास डोकं घातलं. मग एकदम हसले.

"वजीर फुकट द्यायचा! आणि काळ्याने घेतला नाही तरी मात! अगं, सुचतं कुठून तुला?"

"सुचतं असंच."

"मला वाटायचं, आयत्या बिळावर नागोबा झालीस. दुसऱ्याची कोडी लावायची नि पगार घ्यायचा." शेजारच्या खाटेवरच्या काकांना ते ओरडून म्हणाले, "अहो, बापाच्या वरताण निघाली बघा!"

काकांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

"बरं, आधी काय दिसलं तुला? शेवटची मात, की वजीर?"

कोडं रचणारा हे कधी विसरत नाही. त्या पहिल्या दिसण्यापासूनच तो सगळा डाव मागे मागे बांधत नेतो. तिने पटाकडे पाहिलं.

"आठवत नाही, बाबा."

बाबांचं हसू हळूहळू मावळलं.

"तुझं नाही हे."

"नाही. ऑफिसातल्या प्रोग्रॅमने रचलंय. सगळीच त्याची."

बाबा बराच वेळ काळा राजा बोटांत फिरवत राहिले.

"छान रचतो," ते म्हणाले. "आणि तुझी? दहा वर्षांची असताना एक दाखवलं होतंस. एकच हवं तिथे दोन उत्तरं निघतात म्हणून मी चारचौघांत मोडीत काढलं ते. त्यानंतरची कुठायत?"

"त्यानंतर एकही केलं नाही."

"माझ्यामुळे?"

सहा आठवडे तिने खोटं निभावून नेलं होतं. आता फक्त 'नाही' म्हणायचं होतं, तर तेवढंही तिला जमलं नाही.