धोंडबांचा पायगुण

गोल झाला तेव्हा गोलकीपर सुखराम मातीत आडवा पडला होता. पण टीममधल्या एकानंही त्याच्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना वळल्या मैदानाबाहेर, जिथं निंबाला सायकल टेकवून राजरत्नचे वडील उभे होते.

धोंडबा खोब्रागडे. स्टील प्लांटमधून थेट आलेले. हेल्मेट हँडलला लटकवलेलं, कॅरिअरवर संत्र्यांची पिशवी. पोरं आपल्याकडं का पाहताहेत ते न कळून त्यांनी हात वर केला.

"काही नाही होत! खेळा, खेळा!"

राजरत्नला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. थोड्याच वेळात शिट्टी वाजली. चौथी मॅच, चौथी हार.

सीझनमध्ये मॅच होत्या पाच. एक्क्याऐंशी सालच्या त्या सीझनला प्रिन्सिपॉलसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, यंदा एकही मॅच जिंकली नाही तर कॉलेजात फुटबॉल बंद, पोरांनी खोखो खेळावा. राजरत्न सेंटर फॉरवर्ड होता आणि शेवटच्या वर्षाला होता. त्याला एक मॅच जिंकायची होती, फक्त एक. तीन वर्षं गुडघे फोडून घेतलेल्या माणसानं एवढंही मागू नये का? तो इतका चिडचिडा झाला होता की भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवून उठायचा.

हरायला कारणं ढीगभर होती. सर मुळात व्हॉलीबॉलचे. डिफेन्सची पोरं मॅटिनी शोसाठी प्रॅक्टिस बुडवायची. स्वतः राजरत्न बॉल सोडायला तयार नसायचा, पास देणं त्याच्या जिवावर यायचं. पण अशी कारणं दूर करायची तर मेहनत पडते. त्यापेक्षा सुखरामनं शोधलेलं कारण फार सोयीचं होतं. सीझनच्या आधी एक दोस्तीची मॅच ते दोन-शून्यनं जिंकले होते, आणि त्या दिवशी धोंडबांना सेकंड शिफ्ट होती. पुढच्या चारही मॅचना धोंडबा कुणाशी ना कुणाशी ड्यूटी बदलून हजर. झालं, पोरांचं गणित जुळलं.

हाफटाइमला धोंडबा संत्री सोलून, फोडींना मीठ लावून देत. पहिल्या मॅचला पोरांनी हिसकाहिसकी केली होती. आज पिशवीला कुणी हात लावला नाही.

"पेट खराब है, चाचा," कॅप्टन ओमप्रकाश म्हणाला होता.

अकराच्या अकरा जणांचं पोट एकाच दिवशी कसं बिघडलं, ते धोंडबांनी विचारलं नाही. पिशवी पुन्हा कॅरिअरला बांधली, एवढंच.

मॅच संपल्यावर ओमप्रकाशनं राजरत्नला बाजूला घेतलं.

"देख रतन, बुरा मत मान. शनिवार को दुर्ग में आखरी मैच है. चाचा को बोल दे, घर पे रहें. पनौती लग जाती है यार."

खरं तर राजरत्ननं तिथल्या तिथं त्याची कॉलर धरायला हवी होती. तो ज्या घरात वाढला, तिथं मांजर आडवं गेलं की धोंडबा पोराला मुद्दाम पुढं काढत आणि दहा पावलांवर थांबवून विचारत, "झालं का काही?" ऐन विशीत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. गंडेदोरे, नवस, शुभ-अशुभ यांना त्यांच्या क्वार्टरच्या पायरीवरही जागा नव्हती. हे सगळं राजरत्नला तोंडपाठ होतं. पण चार हारींपुढं पाठांतर टिकलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि "बोलता हूँ" म्हणाला.

बोलायला त्याला तीन दिवस लागले. शुक्रवारी संध्याकाळी धोंडबा अंगणात सायकलला तेल देत बसले होते, उद्या शेजारच्या दुर्गपर्यंत जायचं म्हणून.

"बाबा, उद्या तुमी नोका येऊ."

"कावून? ड्यूटी तं फर्स्ट शिफ्ट आहे. दोनले सुटतो मी."

"तसं नाही. पोट्टे म्हणून राहिले..."

"काय म्हणून राहिले?"

राजरत्न भिंतीकडं, नळाकडं, सगळीकडं पाहून आला. "तुमी आले का आमी हरतो म्हणते."

तेलाची कुपी धोंडबांच्या हातात तशीच राहिली. दारात तांदूळ निवडत बसलेल्या भीमाबाईंचा हात थांबला.

"अन् तू काय म्हणतं?" धोंडबांनी विचारलं.

राजरत्न सायकलचं पेडल उगाच फिरवू लागला. तेवढ्यात काय ते कळलं.

"माझ्या आज्याचं तोंड सकाळी दिसलं ना," धोंडबा हळूच म्हणाले, "तं गावातले लोक कामाले निघालेले परत घरी जायेत. मले वाटलं होतं, ते गावातच राह्यलं." मग त्यांनी कुपीला बूच लावलं. "जा. नाही येत मी. खेळ चांगला."

ते रागावले असते तर राजरत्नला बरं वाटलं असतं. त्यांना भांडता येत होतं, युनियनच्या सभेत ते साहेबाला गप्प करत. इथं ते सायकल उचलून आत घेऊन गेले.

शनिवारी दुर्गच्या मैदानावर निंबही नव्हता आणि धोंडबाही नव्हते. पोरं उड्या मारत उतरली. पहिला अर्धा तास तर अशी खेळली की सरांनी खुर्ची सोडली. सुखरामनं दोन बॉल असे अडवले की दुर्गवाल्यांनीसुद्धा टाळ्या पिटल्या. हाफटाइमला स्कोअर शून्य-शून्य होता आणि ओमप्रकाश राजरत्नच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "देखा?"

संपायला दहा मिनिटं उरली असताना पेनल्टी मिळाली. राजरत्नलाच पाडलं होतं, मारायची त्यानंच. त्यानं बॉल ठेवला, मागं आला. समोरचा गोलकीपर घाबरलेला होता, उघड दिसत होतं. मारताना राजरत्नची नजर क्षणभर बाहेरच्या गर्दीवरून फिरली. ती कुणाला शोधत होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. बॉल बारवरून गेला, मागच्या रस्त्यावर, एका रिक्षाच्या टपावर आपटला आणि लोक हसले.

शेवटच्या मिनिटाला दुर्गवाल्यांनी गोल केला. एक-शून्य. सीझन संपला आणि कॉलेजचा फुटबॉलही संपला.

मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर पोरं बसली. चहा निवला तरी कुणी ग्लास उचलेना. शेवटी ओमप्रकाश फुटला.

"पेनल्टी ऐसे मारता है कोई? अंधा भी डाल देता! पूरा साल बरबाद कर दिया तूने."

कुणी त्याला अडवलं नाही. सगळे राजरत्नकडं पाहत होते, आणि ती नजर राजरत्नच्या ओळखीची होती. मंगळवारच्या मॅचपर्यंत तीच नजर निंबाच्या झाडाखाली जात होती. मग सुखरामनं बूट काढता काढता, राजरत्नचे वडील आले होते का, ते आपल्या छत्तीसगढीत विचारलं.

"तोर ददा आय रिहिस का आज?"

राजरत्ननं मान हलवून नाही म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं. त्यानं थंड चहाचा एक घोट घेतला.

"हाँ," तो म्हणाला. "पानठेले के पीछे खड़े थे. मैंने देखा."

टपरीवर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ओमप्रकाशचा चेहरा निवळला. तो सरकून राजरत्नजवळ आला, त्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"फिर तो तू क्या करता यार. छोड़."

कुणीतरी आणखी चहा सांगितला. राजरत्नसाठी बिस्किटंही सांगितली. त्यानं ती खाल्ली. आपल्याला ती गोड लागताहेत, याची त्याला शिसारी आली, तरी त्यानं शेवटचंही खाल्लं.

तो क्वार्टरवर पोचला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. धोंडबा खाटेवर बसले होते. अंगावर धुतलेला सदरा, भांग पाडलेला, आणि पायात चप्पल नाही.

"दोनपासून घराबाहेर पाय नाही टाकला यायनं," भीमाबाई म्हणाल्या. "चक्कीवर दळण न्याचं होतं, तेही मलेच न्यावं लागलं. कोणी पाहीन म्हणे रस्त्यावर."

"काय झालं?" धोंडबांनी विचारलं.

"हरलो."

"कितीनं?"

"एकनं."

"च्च," धोंडबा म्हणाले. "वाईट झालं. लय वाईट झालं."

ते उठले, माठातून पाण्याचा तांब्या भरून त्यांनी पोरापुढं धरला. चेहरा दुःखी ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. पोराची शेवटची मॅच होती, त्यांनाही लागलंच होतं. पण चेहरा काही ऐकेना. आधी डोळे हसले, मग मिशा हलल्या, आणि कालपासूनच नव्हे तर कित्येक वर्षांत राजरत्नला दिसला नव्हता इतका हा माणूस हलका दिसला.

"मी तं नव्हतो ना तिथं?" त्यांनी विचारलं.

"नव्हते."

"मंग?" ते भीमाबाईंकडं वळले. "ऐकलं का वं? मी नव्हतो, तरी हरले!"

भीमाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. धोंडबा पुन्हा खाटेवर येऊन पोराच्या अगदी जवळ बसले.

"पोट्ट्याइले सांगजो, बुढा घरीच होता म्हणा. माहीत पडू दे त्याइले."

राजरत्न तांब्या तोंडाला लावून पाणी पीत राहिला. पाणी संपलं तरी त्यानं तांब्या खाली केला नाही.

"सोमवारीच सांग," धोंडबा म्हणाले. "विसरशील नाही तं."