भट्टीवरची केरसुणी

"ती केरसुणी घ्या, दामूकाका," हेमाली म्हणाली. "पाइपजवळ रिकाम्या हातानं जायचं नाही."

मागून तरुण कामगार बबलू ओरडला, "क्या काका, भट्टी छोड़के झाडू-पोछा?" दोघं-तिघं हसले.

दामू हसला नाही. बोईसरच्या या रोलिंग मिलमध्ये पोलाद तापवणाऱ्या भट्टीवरच त्याचे केस पिकले होते. निळ्या काचेतून तो ज्वाला बघायचा. तेल जास्त झालं की ती पिवळी, सुस्त व्हायची. हवा जास्त झाली की आखूड आणि चिडकी. त्याप्रमाणे तो झडप फिरवायचा.

आता तेलाच्या जागी हायड्रोजन आला होता. परदेशातल्या गिऱ्हाइकांना कमी धुराचं पोलाद हवं होतं. हायड्रोजन जळला की नुसती वाफ होते, हे इंजिनिअर हेमालीनं सगळ्यांना समजावलं होतं. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हेही सांगितलं होतं. पाइपच्या सांध्यातून गळून पेटला तरी समोरच्याला कळत नाही. सांध्यांवर बसवायची, गळती ओळखणारी यंत्रं अजून यायची होती. तोवर वाळकी केरसुणी पुढे धरून चालायचं आणि ती पेटेल तिथून मागे फिरायचं.

हायड्रोजनची चाचणी संपली की भट्टीवर दोघंच कामगार राहणार होते, बाकीचे यार्डात माल चढवायला जाणार होते. दामूला भट्टी सोडायची नव्हती.

"मॅडम, आमच्याकडं केरसुणीला पाय लागला तरी पाया पडतात. लक्ष्मी हाय ती. तिला जाळायची कशी?"

"रोज थोडीच जळणार आहे, काका? आणि जळली तर तुम्ही वाचाल."

दामूनं केरसुणी घेतली. वळणापर्यंत नेली. बबलू अजून बघतच होता. दामूनं ती खांबाला टेकवून ठेवली आणि पुढे गेला.

सांध्यापाशी काहीच नव्हतं. मागची भिंत जरा थरथरल्यासारखी दिसत होती, पण भट्टीजवळ ती नेहमीच थरथरते. त्यानं झडपेकडे हात नेला.

त्याची किंकाळी ऐकून हेमालीनं गॅस बंद केला.

मॅनेजर धर्मेशभाई धावत आले, तेव्हा दामूचा हात नळाखाली होता. पंज्याची कातडी पांढरी पडली होती.

"केरसुणी दिली नव्हती यांना?" त्यांनी हेमालीला विचारलं.

हेमाली काही बोलायच्या आत दामू म्हणाला, "दिली होती. मीच ठेवली खांबाला."

"का?"

दामूनं बबलूकडे पाहिलं नाही. "माज्या मनानंच ठेवली, साहेब. त्यांची चूक नाय."

हात बरा झाला, पण दोन बोटं मिटेनात. धर्मेशभाईंनी त्याला यार्डातल्या कामावर घातलं. भट्टीवर बबलूचं नाव लागलं.

रविवारी दामू बाजारातून शिंदीची नवी केरसुणी घेऊन चिंचणीला घरी आला. त्याच्या बायकोनं, वत्सलानं, नेहमीप्रमाणे केरसुणीला हळद-कुंकू लावलं.

"घरात तर हाय एक," ती म्हणाली.

"मिलमधी न्यायची हाय. पेटंल कदाचित."

वत्सलाचा हात थांबला. तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग चिमूटभर कुंकू अजून घेतलं आणि केरसुणीच्या मुठीवर नीट दाबलं.

"पेटू दे," ती म्हणाली. "सांग तिला, माणूस राख."

सोमवारी पाळी सुरू होताना दामूनं केरसुणी बबलूच्या हातात दिली. बबलूनं कुंकू पाहिलं.

"अंगाच्या पुढं धर," दामू म्हणाला. "लांब. आणि डोळ्यांवर भरवसा ठेवू नको."

"हां, काका."

बबलू पाइपच्या कडेनं निघाला. केरसुणी दोन्ही हातांनी समोर धरलेली, पावलं सावकाश. कुणी हसलं नाही. पहिला सांधा गेला, दुसरा गेला. वळणावरच्या खांबापाशी तो क्षणभर थांबला आणि पुढे सरकला.

तो दिसेनासा होईपर्यंत दामू उभा राहिला. मग खिशातली निळी काच काढून त्यानं भट्टीजवळच्या खिळ्याला अडकवली आणि यार्डाकडे चालू लागला.